ओटीवरचं वाचन

आपल्यावरची टीका स्वतःच मोठ्याने वाचून दाखवणारा पुढारी मी एकच पाहिला. पालघरजवळच्या माहीमचे तात्या. साठच्या दशकात ते आमच्या पंचायत समितीचे सभापती होते. त्यांची पानवेलींची वाडी आमच्या वाडीला लागून, त्यामुळे सकाळी मी त्यांच्या ओटीवर असायचोच. पालघरहून एक साप्ताहिक यायचं, तेही गावात जेमतेम दोन-तीन घरी. त्यात तात्यांवर काही आलं की ते चष्मा चढवून जमलेल्या मंडळींपुढे खणखणीत आवाजात वाचत.

“आपल्यावरचं लिवलेलं आपूनच वाचायचं,” ते म्हणत. “मंग लोकांना कुजबुजायला काय उरत नाय.”

एकदा ‘बोईसरच्या रस्त्याची खडी सभापतींनी खाल्ली’ असं छापून आलं. तात्यांनी ते वाचलं आणि तोंडाचं बोळकं उघडून दाखवलं. “खडी खायला दात कुठं हायत?” ओटी खो खो हसली. आतून चहा घेऊन आलेली त्यांची लेक सुमतीही हसली.

सुमती माकुणसारला दिलेली, पण बरेच महिने माहेरीच होती. सासूशी पटत नसेल, असं धरून गाव गप्प होतं.

निवडणूक तोंडावर आली आणि साप्ताहिकाने तिलाच गाठलं. सुमतीला फिट येतात, सभापतींनी ते लपवून लग्न लावलं, म्हणून नवऱ्याने तिला परत पाठवलं, असा मजकूर होता. तात्यांनी चष्मा चढवला. पहिल्याच ओळीला आवाज अडखळला, तेव्हा मला वाटलं, आता थांबतील. ते शेवटपर्यंत वाचत गेले.

“खरं हाय,” ते म्हणाले. “फिट येते पोरीला. मीच लपवलं. आता काय ते बोला.”

मंडळी भारावून गेली. सभापती असावा तर असा, असं म्हणत उठली. त्या दिवशी चहा आला नाही. ओटी रिकामी झाल्यावर सुमती दारात येऊन उभी राहिली.

“तात्या, यात तुमच्यावरचं काय होतं?”

तात्यांनी चष्मा उतरवला. साप्ताहिक जितक्यांनी वाचलं असतं त्याच्या कितीतरी पट लोकांना त्यांनी ते ऐकवलं होतं. आठवडाभरात सुमती घिवलीला मावशीकडे राहायला गेली. तात्या निवडून आले, तेही याच धीटपणावर. गुलाल मात्र त्यांनी अंगाला लावू दिला नाही.

“लोक मला धीराचा म्हणतात,” एकदा वाडीत वेल बांधता बांधता ते मला म्हणाले. “धीर मी दाखवला, रे. भोगलं तिनं.” मुंबईचा एक बातमीदार त्यांच्या सरळपणावर लिहायला आला, त्याला त्यांनी पाणी देऊन वाटेला लावलं.

घिवलीला जायला ते एसटीत बसत आणि अर्ध्या वाटेवरून परत येत. अखेर एकदा पोचले. परत आल्यावर थेट आमच्या अंगणात येऊन बसले. पोटच्या पोरीपुढे हात जोडले, म्हणाले. तिने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, “मला आधी इचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, वाचा.”

हे सांगताना तात्या रडले. त्यानंतर ते फार जगले नाहीत. ‘घरी ये’ असं तिला म्हणायला आपल्याला तोंड उरलं नाही, असंच ते शेवटपर्यंत समजत राहिले. ती मात्र त्यांच्या बोलावण्याची वाट पाहत होती, हे त्यांच्या दिवसांना आली तेव्हा तिनेच मला सांगितलं.