किल्ली हातात, इंजिन चालू

आज गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचा वास आला आणि मुलुंडचा तो सिग्नल आठवला. आमच्या जुन्या टर्बो डिझेल गाडीचं ऑइल सील गळत होतं. शनिवारी बदलायचं ठरलं होतं. त्याआधीच सिग्नलला गाडीमागे पांढरा धूर उठला. मी किल्ली काढून घेतली, तरी इंजिन डिझेलऐवजी आत गळलेलं ऑइल पीत किंचाळतच राहिलं. मागच्या सीटवर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई होत्या.

"आई, उतरा लवकर."

"पाय उचलत नाही गं. तू हो बाहेर."

मी ब्रेक दाबून वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. हिसका बसून इंजिन गप्प झालं.

तेव्हा भीती आगीची होती. आता भीती वाटते ती त्यांच्या आवाजाची. 'येताना कोथिंबीर आण' म्हणावं, तितक्या सहज त्या बोलल्या होत्या.