न मोजलेली फेरी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान आहे. दुकान कसलं, चार पावलांत संपणारी खोली. तिथला इस्त्रीवाला सव्वीस वर्षं माझ्या कपड्यांना इस्त्री करतो आहे. दिवसभर उभा. पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या. असा माणूस दहा किलोमीटर पळायला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने विचारलं, "बस सुटत असली तरी कधी पाय उचलला नाहीत, आणि आता शर्यत?"

पळायचं होतं ते लेकीसाठी. पोर लहानपणापासून व्हीलचेअरवर. आम्ही सगळे तिला भिंगरी म्हणतो. इस्त्रीचं टेबल आणि कपडे टांगायची दांडी यांच्यामध्ये जेमतेम तीन फूट जागा, पण तेवढ्यात ती एक चाक दाबून धरते, दुसऱ्याला हिसका देते आणि अशी गर्रकन फिरते की टांगलेले शर्ट हलतात.

अपंग मुलांना नृत्य शिकवणारी एक संस्था शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. शिक्षण खरंखुरं, घाम काढणारं. फी ऐकून इस्त्रीवाला तसाच परत आला होता. संस्थेच्या मदतीसाठी दरवर्षी एक धाव होते. यंदा देणगीदारांनी टूम काढली: ज्याच्या घरचं माणूस दहा किलोमीटर दीड तासात पुरं करील, त्याच्या मुलाला दोन वर्षं शिक्षण फुकट. नाचायचं पोरीने आणि धाप लागायची बापाला, हा कुठला न्याय, असं मी संस्थेच्या बाईंना तोंडावर विचारलं. त्यांनी नियमांचा कागद पुढे केला. एकविसावं लागलं की तिथे घेत नाहीत, आणि भिंगरीला ते पुढच्याच महिन्यात लागणार होतं. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

चार महिने त्याने गिऱ्हाइकांचे गठ्ठे पळत पळत पोचवले. माझ्या चादरी चुरगळून यायच्या. मी तशाच अंथरल्या.

शर्यत मैदानाभोवतीच्या रस्त्यावर होती. दोन किलोमीटरची एक, अशा पाच फेऱ्या. दर फेरीला रस्त्यावरची एक रबरी पट्टी ओलांडायची. छातीवर टाचलेल्या नंबराच्या कापडामागे चिप असते, ती पट्टीवरून गेली की यंत्र वाजतं आणि फेरी धरली जाते. बायको दुकान सांभाळत होती, म्हणून भिंगरीबरोबर मी गेले होते. पट्टीला लागूनच आम्ही दोघी थांबलो होतो.

पहिल्या फेरीला तो पंधरा मिनिटांत आला, लालबुंद. त्याच्या पुढचा गेला, यंत्र वाजलं. मागची बाई गेली, वाजलं. हा गेला तेव्हा चूप.

"काका, थांबा! तुमची फेरी लागली नाही!" पट्टीशेजारच्या टेबलाशी नोंदी घेणारी मुलगी ओरडली. तिने त्याचा नंबर उलटा करून पाहिला. मागची चिप चपटी होऊन करपली होती. "हे काय केलंत?"

"काही नाही हो. मागे लिहिलंय ना, घडी घालू नका म्हणून. पण पिशवीतून काढला तर घडी पडलेलीच. सकाळी इस्त्री फिरवली. ओलं फडकं ठेवून, अगदी हलक्या हाताने."

सुरकुती दिसली की त्याच्या हाताला राहवत नाही. हजार माणसं पळत होती, पण इतका सरळ नंबर एकाच्याही छातीवर नव्हता.

तिने घाईघाईने नवा नंबर लावला. "आता पहिली फेरी इथून धरायची, काका. वेळ मात्र सुरुवातीच्या शिट्टीपासूनच."

"अगं, आम्ही दोघींनी डोळ्यांनी पाहिलंय त्याला पळताना," मी म्हटलं.

"आजी, तुम्ही पाहून काय उपयोग? यंत्राने पाहायला हवं."

"मग यंत्रालाच शिकवा नाचायला!"

"आजी, भांडण नंतर," भिंगरी म्हणाली. "बाबा, पळ ना! उभा काय राहिलास?"

तो पळाला. बाकीचे हौशी पळणारे संपवून आले, पदकं गळ्यात घालून फोटो काढू लागले. हा आपला फिरतोच आहे. तिसऱ्या वेळी हात कमरेवर. चौथ्या वेळी तोंड उघडं, नजर फक्त लेकीवर. शेवटच्या फेरीला निघाला तेव्हा बारा मिनिटं उरली होती आणि त्याला एका फेरीला सोळा लागत होती. आम्हा दोघींनाही वजाबाकी येते.

दीड तास झाला. शिट्टी वाजली. दोन कामगार पट्टी गुंडाळायला आले. भिंगरीने व्हीलचेअर थेट पट्टीच्या मधोमध नेली आणि ब्रेक लावला.

"ताई, बाजूला व्हा, गुंडाळायचंय."

"कशी होऊ? उठून चालत जाऊ?"

"अहो, खुर्ची ढकलायची..."

"हात लावून दाखवा."

तेवढ्यात मागे राहिलेले आणखी तिघं तिच्या बाजूने पट्टी ओलांडून गेले. चार मिनिटं. मग तो आला. त्याला पळणं म्हणवत नव्हतं. लेकीच्या चाकाला घासून त्याने पट्टी ओलांडली आणि यंत्र वाजलं.

"वाजलं! ऐकलंस? वाजलं ना गं?"

"वाजलं, बाबा," ती म्हणाली आणि मान खाली घातली.

संस्थेच्या बाई आल्या. यंत्राच्या पडद्यावर चौऱ्याण्णव मिनिटं दिसत होती. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कडेला बोट दाखवलं. तिथे फुटपाथवर आणखी तिघं आईबाप बसले होते, एक्याण्णव आणि ब्याण्णव मिनिटांवाले. "याला सूट दिली तर त्यांना काय सांगू? सांगा तुम्हीच."

तोवर तो टेबलाशी पोचला होता. "प्रवेशाची सही कुठे करायची?" टेबलावरची मुलगी कागद चाळत राहिली. कुणीतरी सांगायलाच हवं होतं, म्हणून मी सांगितलं. "चार मिनिटं उशीर झाला. जागा गेली."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग रस्त्याकडे, जिथून पाण्याची टेबलं उचलून नेत होते. मग तो संस्थेच्या बाईंकडे वळला.

"बाई, मग अजून एक फेरी मारली तर? ती पहिली धरली नाही ना, तिच्या बदल्यात?"

आणि तो बुटाची नाडी बांधायला खाली बसला. गाठ बसेना. तरी तो बांधतच राहिला. शेवटी भिंगरीने ब्रेक काढला, त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या हातातून नाडी सोडवून घेतली.