पहिला क्रमांक, ज्वारीच्या सॅलडला!

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा कुकरचं झाकण लावलं, आणि ते बरोबर लागलं.

इथवर सगळं ठीक होतं. पिंपळगाव राजाच्या शाळेत मी गणित शिकवतो. गावात ज्वारी-बाजरीच्या पदार्थांची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा सतरा बायकांच्या यादीखाली मी स्वतःचं नाव ठोकून दिलं. पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने फोनवर एक सॅलड सांगितलं होतं : शिजवलेलं धान्य, मनुका, अक्रोड, पुदिना, कोथिंबीर. बस्स! यात चुकण्यासारखं काय आहे? (सगळं.)

सकाळी मी काट्यावर ज्वारी मोजली. बरोबर अडीचशे ग्रॅम.

आई खाटेवरून म्हणाली, "बापू, ज्वारी भिजू घातली होती काय?"

"आई, मुलीनं तसं काही सांगितलं नाही."

"तिले वाटलं असन बापाले इतकं तं समजते!"

चार शिट्ट्या झाल्या. ज्वारी छर्र्यासारखी. अजून पाच दिल्या. छर्रे आता गरम झाले, एवढाच फरक! मंदा, म्हणजे आमची बायको, दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तुमी सॅलड करून राह्यले का बंदूक भरून राह्यले?"

मी छर्रे पातेल्यात ओतले. अक्रोड फोडले, पुदिना चिरला, मनुका टाकल्या, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि शर्टाला इस्त्री करायला गेलो. मग अंघोळ. मग आरशासमोर विजयी भाषणाची तालीम! तासाभराने पातेलं उचलून थेट ग्रामपंचायतीच्या सभागृहात.

टेबलावर माझी पाटी : 'ज्वारीचं आधुनिक सॅलड'. परीक्षक मॅडम जळगाव जामोदहून आलेल्या. त्यांनी झाकण उघडलं आणि लसणाच्या फोडणीचा असा घमघमाट सुटला की शेजारच्या टेबलवाल्या बाईने आपली भाकरी सोडून माझ्याकडे पाहिलं. आत सॅलड पिवळं! हळद! हिरवी मिरची! अक्रोडांच्या जागी भाजलेले शेंगदाणे!

मी मागे पाहिलं. आई पहिल्या खुर्चीवर बसून छताचा पंखा निरखत होती.

मॅडमनी एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला डोळे मिटले. "सर, ज्वारी किती घेतली?"

"दोनशे पन्नास ग्रॅम!" मी असा काही कडाडलो की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि फोडणी?"

"ती... अंदाजाने." (तीस वर्षांच्या नोकरीत हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला.)

निकाल लागला. पहिला क्रमांक! विभाग : पारंपरिक पदार्थ. नाव : घुगऱ्या. पाटीवरचं 'आधुनिक' कोणी वाचलंच नव्हतं. पण मी छाती काढून मंचावर गेलो, प्रमाणपत्र घेतलं, आणि आई सगळ्यांना सांगत होती, "माह्या पोरानं केलं!"

घरी येताना हळूच विचारलं, "आई, फोडणी तू दिली?"

"मंगा काय बाप्पा! अक्रोड कडू लागत होते, ते यचून काढले. मीठ-लिंबू मंदानं टाकलं. तू इसरला होता."

"पण ज्वारी तर माझीच ना?"

"पुदिना-मनुका वरून काढून घेतल्या अन् तुही ज्वारी कोंबड्यायले टाकली. मले मालूम होतं तू भिजू घालत नाईस, म्हून म्या रात्रीच एक वाटी भिजू घातली होती."

म्हणजे त्या पदार्थात माझं उरलं होतं काय? चिरलेला पुदिना, मनुका आणि पातेलं. पुदिना-मनुका परीक्षकांनी संपवल्या. पातेलं मात्र मी अभिमानाने उराशी धरून घरी आणलं, घासायला उलटं केलं, तर बुडाशी माझ्या सासूबाईंचं नाव कोरलेलं!