ओवाळणीचे शेअर

भाऊबीजेला कोणी बहिणीच्या ताटात साडी घालतो, कोणी पाकीट. मी शेअर घालायचो. हसायचं असेल तर हसून घ्या, माझी बायको तीस वर्षं हसत आली आहे. पण माझ्या डोक्यात ते पक्कं होतं. साडी विटते, पाकीट चार दिवसांत संपतं, शेअर मात्र वाढत जातो. आणि मी काही उगाच कुठल्याही कंपनीचे घेत नव्हतो.

बालाघाटात पंपांच्या दुकानात माझी सारी उमर गेली. दुकान शेठचं, पण दुरुस्तीचा टेबल माझा. रामपायलीपासून बैहरपर्यंत कुणाच्याही शेतातला पंप जळाला की तो जीपमध्ये घालून नाहीतर बसच्या टपावर बांधून माझ्यापुढं यायचा. उघडायचा, जळकी तार काढायची, नवी भरायची. एका कंपनीचा पंप मात्र वर्षानुवर्षं यायचाच नाही. चुकून आलाच तर उघडल्यावर जीव खूश व्हायचा. बिडाचं ओतीव कवच जाड, तांब्याची तार भरगच्च, कुठं म्हणून लबाडी नाही. ज्याच्या पोटात एवढी सचोटी तो मालक कसा असेल, असं मी समजून चाललो. मला ताळेबंद वाचता येत नव्हता, पण तार वाचता येत होती. त्याच कंपनीचे शेअर दर दिवाळीला बहिणीच्या नावानं घ्यायचे, असं मी ठरवून टाकलं.

बहीण माझ्याहून सात वर्षांनी धाकटी. आमच्याकडं धाकटीलाही बाईच म्हणतात. खैरलांजीकडं दिलेली. लग्नाच्या नवव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती दिराच्या घरी मागच्या खोलीत राहते. त्या खोलीत अर्धी ती आणि अर्धी धानाची पोती. तिला कुणी उपाशी ठेवलं नाही, कुणी टाकून बोललं नाही, खोटं कशाला सांगू. पण घोटभर चहा करायचा झाला तरी ती आधी जावेच्या तोंडाकडं पाहायची. मी गेलो की हे मला दिसायचं, आणि परतीच्या बसमध्ये मी स्वतःशीच चरफडत बसायचो.

तिची एकच इच्छा होती. बालाघाटात एक खोली. "माह्या हातानं कुलूप लावता येईल असं एक दार पाह्यजे भाऊ," म्हणायची, "मंग आत काही नसलं तरी चालते." ब्लाउज छान शिवते, शहरात तिचं निभलं असतं. ती खोली या शेअरांतून यायची होती. हे आम्हां दोघांचं ठरलेलं होतं.

दर भाऊबीजेला ती सकाळच्या बसनं यायची. ओवाळायची, मी ताटात शेअरचा कागद ठेवायचो आणि वर एक रुपया. ती आधी कागदाला हळदकुंकू लावायची, मग मला. कागदी शेअर बंद होऊन सगळं कॉम्प्युटरात जायची वेळ आली तेव्हा त्यातले तीन कागद नागपूरहून परत आले. का, तर नंबरावर कुंकू होतं, वाचता येत नव्हतं! मी दलालासमोर कपाळाला हात लावला. बाई मात्र पोट धरून हसली. नवऱ्यामागं ती तशी हसलेली मी क्वचितच पाहिली.

कंपनीचा वर्षाचा अहवाल टपालानं यायचा, गुळगुळीत कागदाचा, वर पंपाचा फोटो. ती तो जपून न्यायची. एकदा जावेला दाखवून म्हणाली, "हे पाहा, या कंपनीत मी बी मालकीण हावो." जाऊ म्हणाली, "हौ का? मंग एक पंप तरी फुकट मांगून आण." ते सांगताना बाई हसत होती, पण तो अहवाल तिनं पोत्यांमागच्या पेटीत तळाशी ठेवला.

मग एक वर्ष असं आलं की भाव चढतच गेला. पेपरात, टीव्हीवर, चहाच्या टपरीवर, जिथं तिथं शेअर. त्यात एका दुपारी तिचा फोन आला. मी टेबलावर वाकलो होतो आणि डोकं आधीच तापलेलं होतं, कारण पुढ्यात त्याच कंपनीचा पंप जळून पडला होता. त्या महिन्यातला तिसरा. तार काढली तर हाताला बारीक लागली. पुन्हा मोजली, बारीकच. पंप आणणाऱ्या शेतकऱ्याला मी म्हणालो, "तुमच्याकडची लाइट बराबर नसंल." साफ खोटं बोललो. त्याच्याशीही आणि माझ्याशीही.

"भाऊ," ती म्हणाली, "वैनगंगेच्या रस्त्याले एक खोली निघाली हाय म्हणतेत. भाव बी लय वर गेला. इकून टाकू काय शेअर? काय करू, सांग."

आणि मी भडकलो. आता शंभरदा वाटतं, जीभ झडली असती तर बरं झालं असतं. "ओवाळणी इकते काय कोणी? भावानं ताटात घातलेलं बाजारात नेऊन ठेवशील काय? अजून दोन वर्षं थांब, दुप्पट होईल. तुले काय समजते त्यातलं?"

मग ती म्हणाली, "बरं. राह्यलं मंग." आणि फोन ठेवला. ती खोली पंधरा दिवसांत दुसऱ्या कुणीतरी घेतली. बाईनं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला वाटलं, समजली.

पुढं पंप येतच राहिले. मी बारीक तार काढून फेकायचो आणि जाड भरून द्यायचो. कंपनीचं पाप मी माझ्या हातांनी झाकत होतो, दुसरं काय! पेपरात काही यायच्या कितीतरी आधी सारं माझ्या टेबलावर उघडं पडलं होतं, पण मला ते पाहायचं नव्हतं. मग बातम्या यायला लागल्या. कामगारांचे पगार थकले. बँकांचं कर्ज थकलं. तिमाहीचे हिशेब कंपनीनं दिलेच नाहीत. आणि एका सकाळी शेअरबाजारानं त्या कंपनीच्या शेअरचा व्यवहारच थांबवला.

मी शर्टाची बटणंही नीट न लावता दलालाकडं गेलो. दलाल माझ्याच वयाचा, हिंदीतच बोलणारा. "भैया, अब नहीं बिकेगा," तो म्हणाला, "खरीदार की बात छोड़ो, खिड़की ही बंद है." कधी उघडेल, विचारलं. त्यानं खांदे उडवले. कंपनी विकली गेली तरी आधी बँका घेतील, मग कामगार, मग ज्यांचं देणं आहे ते. शेअरवाला सगळ्यांच्या मागे. "आप तो मालिक हो ना भैया. मालिक की पंगत सबसे आखिर में बैठती है."

त्याच्यावर मी असा ओरडलो की बाहेरची माणसं आत डोकावली. त्यानं बिचाऱ्यानं पाण्याचा गिलास पुढं केला. प्यायलो, आणि तिथंच खुर्चीत बसून रडलो. लाज कसली त्यात.

बाईला सांगायला चार दिवस लागले. शेवटी फोन केला तर म्हणाली, "मले मालूम हाय. टीव्हीवर सांगतलं." मग, "तू जेवला काय?"

यंदाच्या भाऊबीजेला ती आली. केस पांढरे, हातात तीच पिशवी. मी पोस्टातली माझी ठेव मोडून पाकिटात घातली होती. पूर्ण खोलीचे पैसे नव्हते, पण कुठंतरी सुरुवात झाली असती. तिनं ओवाळलं. मी पाकीट ताटात ठेवलं, वर रुपया. तिनं पाकीट उघडून पाहिलं. आमच्याकडं ताटातलं असं समोर उघडत नाहीत. रुपया तिनं पदराच्या गाठीला बांधला आणि पाकीट परत माझ्या हातात दिलं.

"बाई, घे ना. चूक माही हाय. तवा मी तसा बोललो नसतो तं आज तुही खोली असती."

"भाऊ, त्या दिवशी मले इकायचं इचारायचंच नोहतं."

"मंग?"

तिनं निरांजनाची वात पुढं सारली. "मले वाटलं, तू म्हणशील, खोली काहून घेते बाई, माह्यं घर हाय ना. तेवढं आयकाले फोन केलता."

स्वयंपाकघरात बायकोचा झाऱ्या थांबला. सगळी वर्षं मी हिशेब करत होतो. माझ्या घराची मागची खोली जुन्या मोटारी आणि पंपांच्या भंगारानं भरली होती, आणि बहिणीला एक दार हवं होतं.

"मंग आता राह्य ना," मी म्हणालो. "आजपासून राह्य."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, आणि तेच सहन होईना. "आता? शेअर बुडाले म्हणून?"

जेवली, वहिनीला नमस्कार केला आणि दुपारच्या बसनं गेली. मी तिला बसवून पार संध्याकाळी घरी आलो तर अंगणात भंगाराचा ढीग. बायकोनं एकटीनं मागची खोली रिकामी केली होती, झाडून, पुसून, दाराला नवं कुलूप अडकवलं होतं. घामानं थबथबलेली. "जा," ती म्हणाली, "बाईले घेऊन या."

दोनदा खैरलांजीकडं जाऊन आलो. कुलपाची किल्ली दोन्ही वेळा खिशात होती. दुसऱ्या खेपेला ती बाईच्या हातावर ठेवली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या शर्टाच्या खिशात परत घातली.

"शेअर सुरू होऊ दे भाऊ," ती म्हणाली, "मंग माह्या पैशानं येईन."

मग मला चहा करायला उठली, आणि उठताना आधी जावेच्या तोंडाकडं पाहिलं.