दिव्यापुढची फटफटी

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे दिवा म्हणतात. तो अंड्यांच्या वखारीत कामाला आहे. अंधाऱ्या खोलीत बसायचं, बल्बपुढे एकेक अंडं धरायचं आणि आत काय आहे ते बघायचं. चांगलं इकडे, नासकं तिकडे. उभा जन्म ह्यात गेल्यावर माणसाला खोड लागणारच. तो टोमॅटो उजेडात धरतो, पाव धरतो. माझी नात तान्ही होती तेव्हा तिचा कान उन्हात धरून बघत होता. मी हातावर चापट दिली तेव्हा सोडला.

त्याच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर ह्याचा एकच प्रश्न. "पोहता येतं का?" आसपास साधी विहीर नव्हती. मी कोपराने ढोसलं, तर म्हणतो कसा, "ताई, बाकीचं सगळेच विचारतात. विचारायचं राहून जातं ते मी विचारतो." मुलगी "येतं" म्हणाली आणि खुदकन हसली. तिथेच ठरलं.

तीच माझी भावजय. तिला आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इस्पितळाच्या लॉन्ड्रीत काम मिळालं. काम पहाटेचं, आणि त्या वेळी बस नाही. तिने सरळ सांगून टाकलं, "सोमवारपर्यंत गाडीची सोय झाली तर ठीक. नाहीतर मी आमच्या अक्काकडे राहते, तिथून काम जवळ आहे. रविवारी येत जाईन."

आमच्या दिव्याची वातच विझली. बायको घरात नसली की त्याला झोप नाही. कडी लागलीय का ते उठून उठून बघतो, आणि अंथरुणातून ती "लागलीय, झोपा आता" म्हणेपर्यंत त्याचा डोळा लागत नाही.

"गाडीचं मी बघतो," तो म्हणाला, आणि मला तिथेच धडकी भरली. कारण हा बघतोच. एका गाडीवरचा नंबर दाखल्यावरच्या नंबराशी जुळेना. एकीच्या पासिंगची मुदत संपलेली. ह्या दोन नाकारल्या ते बरोबरच होतं. तिसरीचे कागद अगदी चोख होते, म्हणून ती नाकारली. "इतकं चोख असतं का कुठे? नक्की काहीतरी दडवलंय!"

शनिवार उजाडला तेव्हा एकच गाडी उरली होती. एका बँडवाल्याची. दिवा, भावजय आणि मी, तिघं गेलो. मी कशाला, तर भांडण झालंच तर मध्ये पडायला म्हातारं माणूस असलेलं बरं.

बँडवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये फटफटी उभी होती आणि तिच्या सीटवर मोठा ढोल विसावला होता. ढोल उतरवला. दिवा गुडघ्यावर बसला, फडक्याने चिखल पुसून त्याने नंबर वाचला. जुळला. भोंगा वाजवला. ब्रेक दाबला. मग तपासणीचे दोन दाखले मागितले, गेल्या वर्षीचा आणि ह्या वर्षीचा, दोन्हींवरचे किलोमीटर वाचले, आणि त्याचे डोळे बारीक झाले.

"गेल्या वर्षी गाडी जास्त पळालेली, आणि ह्या वर्षी कमी? हिचं वय काय उलटं जातं?"

"मीटर फुटला हो काका. ह्या ढोलाने फोडला. नवा बसवला."

"पुरावा?"

"ढोलाला विचारा!"

मला हसू आवरेना. दिव्याने बल्ब लावायला सांगितला. मनात म्हटलं, झालं, आता हा दिवे लावणार. त्याने ह्या वर्षीचा दाखला बल्बपुढे धरला, अगदी अंडं धरतात तसा दोन बोटांत, आणि ओरडलाच.

"ताई! आत दुसरा कागद आहे! उलटी अक्षरं दिसतायत! दोन कागद चिकटवलेत! नासकं आहे, चला घरी!"

बँडवाला लालबुंद झाला. "काका, मी लग्नात वाजवणारा माणूस. कागद चिकटवत बसायला मला सवड आहे का?"

दिवा दारापर्यंत पोचलासुद्धा. तो निघाला म्हणजे गाडी गेली, आणि भावजय अक्काकडे गेली. मी तिच्याकडे बघितलं. ती शांतपणे पुढे झाली आणि नवऱ्याच्या हातातून दाखला काढून घेतला.

"अहो, उलटवा की!"

कागदाच्या मागे सरळ अक्षरांत लिहिलं होतं, जुना मीटर फुटल्यामुळे बदलला. खाली सही, शिक्का. बँडवाला म्हणाला, "आयला, मी तरी कुठे मागे बघितलं!"

दिव्याने कागद घेऊन दोनदा उलटवला. मग पुटपुटला, "अंड्याला कुठे मागची बाजू असते?"

"घ्या, एक चक्कर मारून बघा," बँडवाल्याने किल्ली पुढे केली.

"मी? मला कुठे चालवता येते?"

बँडवाल्याने पुढे केलेली किल्ली मागे घेतली. मी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, सोमवारी काय ढकलत नेणार होतास तिला?"

"आधी गाडी तर पक्की होऊ दे, ताई. शिकता काय, केव्हाही येतं."

"किल्ली इकडे द्या," भावजय म्हणाली. पदर खोचला, एक लाथ मारली, आणि फटफटी अशी दणकन सुरू झाली की ढोलसुद्धा थरथरला. अंगणात दोन वेढे घेऊन आमच्यापुढे येऊन थांबली.

"लग्नाआधी बाबांची दुधाची गाडी मीच चालवायचे, वन्सं."

"तू कधी बोलली नाहीस!" दिवा म्हणाला.

"तुम्ही पोहण्याचं विचारलंत. गाडीचं कुणी विचारलं? आणि मी बोलणार, तर तुम्ही म्हणालात, गाडीचं मी बघतो. म्हटलं बघू दे, हौस फिटू दे."

"लायसन आहे?"

तिने पिशवीतून काढून दिलं. मुदत संपली की दर वेळी नवं करून घेत होती म्हणे, ट्रंकेत साड्यांखाली ठेवत होती, आज येताना बरोबर घेतलं. आमच्या बहाद्दराने ते घेतलं आणि सवयीने बल्बपुढे धरलं.

"उलटवूनही बघा," ती म्हणाली.

त्याने उलटवलं. पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि तिच्याकडे बघितलं, जणू आज पहिल्यांदाच दिव्यापुढे धरली होती.

"चांगली आहे," तो म्हणाला. गाडी की बायको, ते मी विचारलं नाही.

सोमवारी ती गेली आणि दुपारी घरी आली. आता रोज पहाटे हा दारात उभा असतो. भोंगा, दिवा, ब्रेक बघतो, तिचं हेल्मेट बल्बपुढे धरतो. त्यातून काय दिसतं देव जाणे. मग उलटं करूनही बघतो आणि तिच्या डोक्यावर ठेवतो.