आबांच्या नावाची जागा

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी धुळ्यात नव्यानेच निघालेल्या कॉम्प्युटर क्लासला जात होते. थोडं शिकल्यावर माणसाच्या अंगात येतं, तसं माझ्या आलं. निमंत्रणाची पत्रं मी कॉम्प्युटरवर छापणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

वडील लगेच हो म्हणाले. त्याचं कारण होतं दोंडाईच्याचे आबा, त्यांचे थोरले भाऊ. दादाच्या लग्नात आबांना मानाचा टोपी-टॉवेल द्यायचा राहून गेला आणि तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलं होतं. आमच्याकडे रुसायला तेवढं पुरतं. ताई आबांच्या खांद्यावर वाढलेली. ते आले नाहीत तर बोहल्यावर पाय कसा ठेवू, असं ती म्हणायची. पण वडिलांना स्वतःच्या हातानं लिहिणं कमीपणाचं वाटे. छापील पत्र गेलं की बोलावणंही होतं आणि नमतंही घ्यावं लागत नाही.

मी प्रोग्रॅम लिहिला. मजकूर सगळ्यांना एकच, फक्त ‘श्री.’च्या पुढे यादीतलं एकेक नाव आपोआप येऊन बसायचं. त्या बदलत्या नावाची खूण मी ‘नाव’ अशीच ठेवली, आणि घाईत ती अवतरणचिन्हांच्या आत टाकली. चिन्हांच्या आतलं मशीन जसंच्या तसं छापतं. प्रिंटर करकरत राहिला आणि बठ्ठ्या, म्हणजे सगळ्याच्या सगळ्या, गोतावळ्याला एकच निमंत्रण निघालं: ‘श्री. नाव यांस सप्रेम नमस्कार.’

घरात हसून हसून पुरेवाट झाली. मी फणफणत दुसऱ्या दिवशी चिन्हं काढली, सगळी पत्रं नीट छापून आणली आणि आबांचं आधी वडिलांपुढे ठेवलं.

“ते राहू दे,” वडील म्हणाले. “त्यांचं कालच टाकलं पेटीत.”

काय टाकलं, ते हळदीच्या दिवशी कळलं. आबा दारात उभे होते. त्यांनी खिशातून माझं ते चुकलेलं पत्र काढलं. ‘श्री. नाव’ खोडून वर वडिलांनी शाईनं लिहिलं होतं, ‘आबा’.

“छापेल पत्र तं बठ्ठासले येतस,” आबा वडिलांना म्हणाले. “तुन्हं अक्षर देखं, म्हनीसन उनू.” त्या एका शब्दाचं अक्षर पाहून ते आले होते.

ताई हळदीच्या अंगानंच त्यांना बिलगली. वडिलांनी आतून टोपी आणली आणि स्वतःच्या हातानं आबांच्या डोक्यावर ठेवली. टोपी चांगलीच लहान होती. आबांनी ती पाठवणी होईपर्यंत काढली नाही.