फिलूचं लाटणं

चर्चची घंटा थांबून थांबून वाजायला लागली तेव्हा मी गास गावातल्या आमच्या वाडीत मोगरा खुडत होते. कोण गेलं हे विचारावं लागलंच नाही. आदल्या संध्याकाळीच खाटेला खिळलेली माझी मैत्रीण फिलू म्हणाली होती, "रेश्माचं राहिलं गं." मरताना माणूस देवाचं नाव घेतं, हिला शेजारच्या पोरीच्या व्हिसाची काळजी...

रेश्मा चोवीस वर्षांची. ती कामाला जायची तो सातिवलीचा कारखाना बंद पडला आणि एका एजंटने तिला आखातात घरकाम देऊ केलं, पण पाहुणीच्या व्हिसावर. तिशीच्या आतल्या बाईला त्या कामाला पाठवायची सरकारची परवानगी नाही, म्हणून ही पळवाट. फिलू तरुणपणी याच वाटेने कुवेतला गेली होती. मीही जाणार होते. केवढा माझा तोरा! उंच टाचांच्या चपला घालून आरशासमोर घोकायचे, "आंटीला भेटायला चालले." विमानतळावर अधिकाऱ्याने बॅग उघडली, तर सुक्या बोंबलांखाली आईने घातलेलं पोळपाट-लाटणं. "आंटीकडे लाटणं नाही का?" म्हणाला, आणि मला परत पाठवलं. त्या चपलांवर लंगडत, नशिबाला शिव्या देत मी घरी आले. मूर्खच होते.

फिलू मात्र कुवेतला पोचली. मालकिणीने पासपोर्ट काढून घेतला, व्हिसा संपला, आणि ती कामवालीही राहिली नाही, पाहुणीही नाही. तक्रार करायला जावं तर हिलाच अटक. परत आली ती वाळून काडी झालेली. आल्या आल्या माझ्याकडून ते लाटणं मागून घेतलं, आणि मग कुठलीही पोर परदेशी निघाली की ओटीवर ते हातात धरून बसायची. विचारायची एकच, "पाहुणी म्हणून चाललीस की कामाला?"

चर्चच्या हॉलमध्ये एकदा सरकारी साहेब समजवायला आले. मुलींना पाठवू नका, म्हणाले. फिलू उठली. "साहेब, तुम्ही दार लावलंत, पोरी खिडकीतून उड्या मारतात. दार उघडा, आणि तिथे पहारा ठेवा." साहेब नरमाईने म्हणाले, वरून आलेला नियम आहे, मावशी. "मग वर सांगा," म्हणाली, आणि खाली बसली ती पुन्हा उठण्यासाठीच. दर सभेला तेच.

फिलूला जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या चर्चमधल्या मिस्सानंतर रेश्मा माझ्या ओटीवर आली. लाटणं आता माझ्याकडे. मी तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "कामाला. पण नियमच आडवा येतो, आजी."

"मग भांडण नियमाशी करू. एजंटला नाही म्हणून कळव."

तिने माझ्यासमोरच फोन लावला. दुसऱ्या दिवशी नियम बदला असा अर्ज घेऊन दोघी पालघरच्या सरकारी कचेरीत गेलो. दारावरच्या शिपायाने माझी पिशवी उघडली, लाटणं बघून हसला आणि म्हणाला, "आजी, हे घेऊन परत जा."

या वेळी मी साध्या चपला घातल्या होत्या. तिथेच बाकावर बसले, रेश्मालाही बसवलं... साहेब जेवून आले तरी आम्ही तिथेच होतो.